शेतीला दिवसा लाइट : सौर फिडर आला कुठून

रात्री दोनला थ्री फेज येणार म्हणून दीडचा गजर लावून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन उसाला दारं धरायला जाणारा माणूस ज्या घरात असतो ना, त्या घराला दिवसाच्या लाइटीची किंमत सांगावी लागत नाही. आमच्याकडं वडील कित्येक वर्षं असेच गेले. साप, विंचू, जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात तर बिबट्या, थंडीत गुडघ्यापर्यंत ओले पाय, आणि आई ते परत येईपर्यंत जागी. आता सगळीकडं सौर सौर चाललंय ते चांगलंच आहे, पण मुळात शेतीची लाइट रात्रीवर गेली कशी हे कळलं तरच सौर फिडर काय आहे ते कळतं. फिडर म्हणजे सबस्टेशनातून गावाकडं किंवा रानाकडं वीज नेणारी तार.

१९७० च्या दशकात शेतीपंपाला मीटरऐवजी मोटरीच्या एचपीवर (हॉर्सपॉवरवर) ठरलेलं बिल सुरू झालं. सोय झाली, पंप वाढत गेले, पण शेतीला खरी वीज किती लागते याचा हिशेबच उरला नाही. पुढं २००५ च्या आसपास राज्यात विजेचा मोठा तुटवडा, तासन्‌तास लोडशेडिंग, २००५ मध्येच राज्य वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या. तोपर्यंत गावातली घरं आणि रानातल्या मोटरी बऱ्याच ठिकाणी एकाच फिडरवर होत्या, म्हणजे मोटरी बंद ठेवायच्या तर गावही अंधारात. म्हणून गावठाणाचा फिडर वेगळा आणि शेतीचा वेगळा करायचं काम निघालं. गावाला लाइट मिळायला लागली, पण शेतीचा फिडर आता सुटा झाल्यामुळं तो हवा तेव्हा चालू-बंद करता येऊ लागला, आणि शहरं-कारखान्यांची मागणी रात्री कमी असते, कोळशाचे संच काही रोज बंद करता येत नाहीत, मग ती वीज द्या शेतीला. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि बाकीचे दिवस रात्री दहा तास हे वेळापत्रक त्यातूनच आलं.

सौरचं म्हणाल तर सिलिकॉनचा सेल १९५४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये तयार झाला, उन्हातली जेमतेम सहा टक्के ऊर्जा विजेत बदलायचा, आणि महाग इतका की आधी उपग्रहांवरच गेला. आपल्याकडं सरकारनं १९९० च्या दशकात सौर पंपांचा कार्यक्रम काढला होता पण किमतीपुढं तो फार वाढला नाही. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन आलं, तेव्हाच्या सौर प्रकल्पांच्या पहिल्या लिलावात विजेच्या युनिटचा सरासरी दर १२ रुपयांच्या वर होता, आणि मे २०१७ मध्ये राजस्थानात भाडला इथं तो २ रुपये ४४ पैशांवर आला. सात वर्षांत! माझ्या मते सगळं फिरलं ते इथं.

पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटानं सौर फिडरची कल्पना लावून धरली होती. सबस्टेशनजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प टाकायचा आणि शेतीचा फिडर दिवसा त्यावर चालवायचा, मोटर तीच, स्टार्टर तोच, बॅटरी साठवणीचा खर्च नाही आणि ढग आले तर ग्रिड आहेच. पण हे जमतं कशामुळं, तर शेतीचा फिडर आधीच वेगळा झालाय म्हणून. ज्या तारेनं आम्हाला रात्री रानात नेलं तीच तार आता दिवसाची लाइट आणतेय.

२०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, सुरुवातीचे प्रकल्प राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीला. जमिनीवरून बरंच अडलं, म्हणून २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख ठरवले.

दुसरीकडं केंद्राची कुसुम आणि राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनांतून शेतात सुटे पंप बसतायत, शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५. जिथं पोलच गेले नाहीत तिथं हे पंप हवेतच. पण ज्याच्याकडं कनेक्शन आहे त्याच्या गावात मी फिडरच मागेन, कारण सुट्या पंपाचे पॅनल पाणी द्यायचं नसलं की उन्हात नुसते उभे असतात, फिडरवरची उरलेली वीज मात्र ग्रिडमधून दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला जाते.