मुलाला लष्करात नर्सिंग असिस्टंट म्हणून पाठवताना : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे (कोल्हापूर भरती कार्यालयाच्या जिल्ह्यांसाठी)

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत जाणे ही नवी गोष्ट नाही. शिरोळ तालुक्यातील एका टाकळीला तर सैनिक टाकळी असेच नाव पडले आहे. मात्र मुलगा ‘मला लष्करात जायचे आहे, पण दवाखान्याच्या कामासाठी’ असे म्हणतो, तेव्हा नेमका कोणता अर्ज भरायचा हे घरात सहसा कोणालाच ठाऊक नसते. आमच्या घरीही नव्हते. आज माझा मुलगा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट आहे. त्या काळात जे विचारत फिरावे लागले, ते इतर पालकांना एका ठिकाणी मिळावे म्हणून ही माहिती क्रमाने लिहीत आहे.

या पदाचे अधिकृत नाव ‘सोल्जर टेक्निकल (नर्सिंग असिस्टंट)’ असे आहे. भरतीच्या मैदानावर मुले त्याला नुसते ‘एनए’ म्हणतात. जखमी जवानाचा रक्तस्राव थांबवणे, मोडलेले हाड बांधणे, सलाइन व इंजेक्शन देणे, लष्करी रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णसेवा करणे आणि युनिटमध्ये असल्यास डॉक्टरांच्या हाताखाली एमआय रूम (युनिटचा छोटा दवाखाना) सांभाळणे हे त्याचे काम. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाल्यापासून बहुतेक पालक सर्व भरती चार वर्षांचीच समजतात. नर्सिंग असिस्टंट आणि सिपाई फार्मा (औषधनिर्माणाचे काम करणारा जवान) या पदांची भरती मात्र नियमित सेवेत होते, आणि नियमित सेवेतील जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन लागू होते. हा फरक मुलाशी आणि घरातील वडीलधाऱ्यांशी अर्जापूर्वीच बोलून घ्यावा, कारण घराचे पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात.

पात्रता

वयाची मर्यादा साडेसतरा ते २३ वर्षे आहे. अग्निवीर जनरल ड्यूटीपेक्षा ती थोडी सैल आहे, त्यामुळे बारावीनंतर एखादे वर्ष तयारीत गेले तरी संधी हुकत नाही. आपल्या भागातील उमेदवारासाठी उंची १६७ सेंटीमीटर आणि छाती ७७ सेंटीमीटर लागते. शिवाय छाती पाच सेंटीमीटर फुगली पाहिजे. वजन वय व उंचीच्या तक्त्याप्रमाणे पाहतात. हा प्रवेश पुरुष उमेदवारांसाठी आहे.

शिक्षणाची अट मी थोडी सविस्तर सांगतो, कारण उमेदवार सर्वाधिक तिथेच अडतात. बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण झालेले असावे लागते. एकूण किमान ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४० टक्के गुण हवेत. आपल्या राज्य मंडळात ३५ गुणांना विषय सुटतो, म्हणून भौतिकशास्त्रात ३७ गुण मिळालेला मुलगा स्वतःला पात्र समजून अकादमीची फी भरतो, वर्षभर पहाटे रंकाळ्याभोवती धावतो, आणि अर्ज भरायला बसल्यावर अपात्र ठरतो. असे मुलगे मी पाहिले आहेत आणि त्यांच्या आईवडिलांचे चेहरेही पाहिले आहेत. तसेच अकरावीला द्विलक्ष्यी विषय किंवा केवळ गणिताचा गट घेणाऱ्या काही मुलांच्या गुणपत्रिकेत जीवशास्त्र नसतेच. मुलाच्या मनात हे क्षेत्र असेल, तर पालकाचे पहिले काम दहावीच्या निकालानंतर अकरावीचा विषयगट निवडतानाच सुरू होते. गुण थोडक्यात कमी पडले असतील तर मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षेला बसता येते का, याची चौकशी कनिष्ठ महाविद्यालयातच लगेच करावी.

मुलीला या सेवेची ओढ असेल तर तिचा मार्ग वेगळा आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिससाठी चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम असतो, त्याला ‘नीट’ परीक्षेचे गुण लागतात आणि प्रवेशाच्या वेळी सेवेचा बाँड लिहून द्यावा लागतो. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे अश्विनी नौदल रुग्णालय या आपल्या राज्यातील दोन संस्थांत हा अभ्यासक्रम चालतो.

अर्ज आणि परीक्षा

कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे तसेच गोवा येते. अर्ज मात्र कार्यालयात स्वीकारला जात नाही. तो ‘जॉइन इंडियन आर्मी’ या शासकीय संकेतस्थळावरच भरावा लागतो. नोंदणीच्या तारखा दरवर्षीच्या अधिसूचनेत येतात. अलीकडच्या वर्षांत ही नोंदणी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात झाली आहे, म्हणजे नेमकी बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत. त्या दिवसांत संकेतस्थळ पाहत राहण्याची जबाबदारी पालकाने स्वतःकडे घ्यावी आणि मुलाला अभ्यास करू द्यावा.

अर्जात नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहायची असतात. मोबाइल क्रमांक आणि ई-मेल मुलाचा व कायम चालू राहणारा असावा, कारण प्रवेशपत्राची सूचना त्यावरच येते. नेट कॅफेवाल्याचा ई-मेल टाकून भरलेले अर्ज पुढे फार त्रास देतात. उमेदवाराला परीक्षेचे शुल्क २५० रुपये पडते आणि परीक्षेच्या शहरांसाठी पाच पसंतीक्रम द्यायचे असतात.

पहिला टप्पा संगणकावरील सामाईक प्रवेश परीक्षेचा असतो. नर्सिंग असिस्टंटच्या प्रश्नपत्रिकेत जीवशास्त्र व रसायनशास्त्राला मोठे वजन असते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात. यात निवडलेल्या उमेदवारांनाच मैदानावरील भरती मेळाव्याचे प्रवेशपत्र मिळते. मेळाव्यात १.६ किलोमीटर धावणे, पुल-अप्स, नऊ फुटांचा खंदक ओलांडणे आणि नागमोडी लाकडावरून तोल सांभाळत चालणे अशा चाचण्या होतात. त्यानंतर शारीरिक मोजमाप, कागदपत्रांची छाननी आणि वैद्यकीय तपासणी होते.

वैद्यकीय तपासणीआधी घरीच काही गोष्टी पाहून घ्याव्यात. कानातील मळ डॉक्टरांकडून काढून घ्यावा आणि दातांची दुरुस्ती करून घ्यावी. सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणे, रंगांधळेपणा, मूळव्याध, पायांच्या फुगलेल्या शिरा यांची तपासणी एखाद्या जाणत्या डॉक्टरांकडून वर्षभर आधी करून घेतल्यास, जे बरे होण्यासारखे आहे त्यावर उपचाराला वेळ मिळतो. मेळाव्यात तात्पुरते अपात्र ठरवले गेल्यास लष्करी रुग्णालयात फेरतपासणीची संधी असते. त्या चिठ्ठीवर रुग्णालय आणि मुदत लिहिलेली असते आणि ती मुदत चुकवू नये.

कागदपत्रे

दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे, तहसीलदारांच्या सहीचा अधिवास दाखला, जातीचा दाखला, शाळा किंवा महाविद्यालयाचा चारित्र्य दाखला, सरपंच अथवा नगरसेवकांकडील छायाचित्रासह चारित्र्य दाखला, एकवीस वर्षांखालील उमेदवारासाठी छायाचित्रासह अविवाहित असल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक खात्याचे तपशील, ठरलेल्या नमुन्यातील नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र आणि अलीकडे काढलेल्या छायाचित्रांच्या वीस प्रती एवढे कागद लागतात. चारित्र्याचा व अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा. एनसीसीचे किंवा खेळाचे प्रमाणपत्र असल्यास ते सोबत ठेवावे. वडील सेवेत असतील किंवा माजी सैनिक असतील तर अभिलेख कार्यालयाचा नातेसंबंध दाखला लागतो. तो यायला वेळ लागतो, म्हणून आधीच मागवावा.

आमचा अनुभव सांगतो. मेळाव्याच्या काही महिने आधी एका रात्री मी आणि मुलाच्या आईने सगळे कागद सतरंजीवर पसरले आणि एकेक अक्षर लावून पाहिले. दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत आडनाव आधी होते, आधारवर शेवटी. तेवढ्याने काही अडले नसते. पण मुलाच्या नावात एका ठिकाणी ‘व्ही’ होता आणि दुसऱ्या ठिकाणी ‘डब्ल्यू’. आईच्या नावापुढे एका कागदावर ‘बाई’ लागले होते, इतरांवर नव्हते. आम्ही दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानले आणि आधार व पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घेतले. दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो आणि त्यात महिने जातात. ही तपासणी आम्ही केली, तरी एक चूक राहिलीच. अविवाहित असल्याच्या दाखल्यावर छायाचित्र चिकटवले होते, पण शिक्का नुसता कागदावर पडला होता, छायाचित्रावर नव्हता. छाननीच्या टेबलावर तो दाखला परत आला आणि दुसरा आणण्यासाठी मला मोटारसायकलवरून गाव गाठावे लागले. तो शिक्का अर्धा छायाचित्रावर व अर्धा कागदावर असला पाहिजे, हे पालकांनी दाखला हातात घेतानाच पाहावे.

प्रतिज्ञापत्रात आणि अर्जात खरे तेच लिहावे. निवडीनंतर पोलीस पडताळणी होते, आणि लपवलेला गुन्हा किंवा खोटा दाखला पुढे उघडकीस आला तर रुजू झालेल्या मुलालाही घरी यावे लागते. एजंटाबद्दलही तितकेच स्पष्ट सांगतो. या भरतीत परीक्षा शुल्काशिवाय कोणालाही एक रुपयाही द्यायचा नसतो. ‘मेडिकल पास करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती शेत गहाण ठेवून पैसे देऊ नयेत आणि मूळ प्रमाणपत्रे तर कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत.

निवडीनंतर घरच्यांनी करायच्या गोष्टी

गुणवत्ता यादीत नाव आल्यावर मुलाला लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटरमध्ये पाठवले जाते. आधी मूलभूत लष्करी प्रशिक्षण आणि नंतर वैद्यकीय तांत्रिक प्रशिक्षण होते. पाठवण्यापूर्वी सर्व मूळ कागदांच्या स्पष्ट स्कॅन प्रती आणि आठ-दहा झेरॉक्स संच घरी काढून ठेवावेत. प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यांत फोन क्वचित येतो आणि आला तर दोन मिनिटांचा असतो. त्या दोन मिनिटांत शेतजमिनीचा वाद किंवा कोणाचे आजारपण काढू नये. जेवण कसे आहे, पाय दुखतात का, एवढे विचारावे आणि त्याचे ऐकून घ्यावे. आमचा मुलगा एकदा फक्त ‘आज पहिल्यांदा खऱ्या रुग्णाला सलाइन लावली’ एवढे सांगून थांबला होता. त्याच्या आईने ते वाक्य त्या आठवड्यात किती जणांना सांगितले असेल, याची गणती नाही. कसम परेडचे (प्रशिक्षण संपल्यावर जवान शपथ घेतात त्या संचलनाचे) निमंत्रण आले तर मात्र कर्ज काढावे लागले तरी जावे, असे माझे मत आहे.

सेवेत रुजू झाल्यावर मुलाच्या नोंदीत जवळचा नातेवाईक, विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांसाठी नामनिर्देशन असते. अविवाहित मुलाच्या नोंदीत सहसा आईवडील असतात. लग्नानंतर ती नोंद बदलून घ्यावी लागते आणि त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला वेळेत काढून द्यावा. जमिनीची किंवा हद्दीची तक्रार असेल तर मुलाने आपल्या कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवावे आणि घरच्यांनी कोल्हापुरातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठपुरावा करावा. ते कार्यालय सेवेतील जवानांच्या कुटुंबांसाठीही असते.

युनिट सीमेवर असल्यास पत्रावर गाव किंवा जिल्हा लिहायचा नसतो. मुलाचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्कराचे टपाल कार्यालय) एवढेच पुरते. अर्जात आणि नोंदीत दिलेला घरचा मोबाइल क्रमांक बदलल्यास तो मुलामार्फत युनिटला लगेच कळवावा, कारण काही बरेवाईट झाल्यास पहिला फोन त्याच क्रमांकावर येतो. आमच्या घरी त्या क्रमांकाचे सिम जुन्या बटणाच्या फोनमध्ये आहे, आणि रात्री तो फोन चार्जिंगला लावल्याशिवाय त्याची आई झोपत नाही.