परफॉर्मन्स क्लच : रस्त्यावरच्या गाडीसाठी निवड

मॅन्युअल गिअरबॉक्स असलेल्या मोटारगाडीत मूळ क्लचच्या जागी बसवला जाणारा, त्याहून जास्त टॉर्क (फिरवणारा जोर) न सरकता पेलणारा क्लच. इंजिनाला टर्बो जोडला, ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग बदलले किंवा इंजिनच मोठे टाकले की मूळ क्लच कमी पडू शकतो. अशी गाडी वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर चालवत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा झपाट्याने वर जातो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. यालाच क्लच स्लिप होणे म्हणतात.

शर्यतीच्या गाडीत उपाय सरळ असतो : जास्तीत जास्त पकड. रोज गर्दीतून जाणाऱ्या गाडीत तेवढ्याने भागत नाही. तिथे क्लचला एकमेकांविरुद्ध जाणारी दोन कामे करावी लागतात. पूर्ण जुळल्यावर तो तसूभरही सरकता कामा नये, आणि जुळताना मात्र त्याला एकसारखे, हळुवार सरकता आले पाहिजे. जाहिरातीतला टॉर्कचा आकडा फक्त पहिल्या कामाबद्दल सांगतो. दुसऱ्या कामाचा अंदाज क्लचची रचना पाहूनच बांधावा लागतो.

क्लच प्लेटवर लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, असतो आणि प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरावर तिला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड चाकावर, दाबून धरते. क्लचची टॉर्कक्षमता चार राशींच्या गुणाकारातून मिळते : प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचा घर्षणांक, घर्षणपृष्ठाची सरासरी त्रिज्या आणि घर्षणपृष्ठांची संख्या. एका क्लच प्लेटला दोन पृष्ठे असतात. दाब ६,००० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर धरली, तर क्षमता ३६० न्यूटन-मीटर येते. दाब ८,००० न्यूटन केला की ती ४८० होते. दाब तोच ठेवून घर्षणांक ०.४ केला तरीही ४८०च. त्रिज्या एक सेंटिमीटरने वाढवली तर ३९६, आणि तशीच दुसरी प्लेट जोडली तर थेट ७२०. कागदावर हे मार्ग सारखेच दिसतात, पण पायाखाली प्रत्येकाचा अनुभव निराळा असतो. निवडीचा सगळा प्रश्न या फरकात आहे.

या गुणाकारात लायनिंगचे क्षेत्रफळ कुठेच येत नाही. मोठे क्षेत्रफळ म्हणजे मोठी पकड हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. क्षेत्रफळाचा संबंध झिजेशी आणि उष्णता पसरण्याशी आहे. तीन, चार किंवा सहा तुकड्यांची ‘पक’ प्लेट जास्त टॉर्क धरते ती तुकड्यांच्या आकारामुळे नव्हे, त्यांवरच्या पदार्थाच्या घर्षणांकामुळे. तुकड्यांमुळे प्लेट हलकी होते आणि गिअर लवकर पडतात, हा फायदा वेगळा.

निवडीची सुरुवात इंजिनाच्या कमाल टॉर्कपासून करावी, हॉर्सपॉवरपासून नव्हे. मध्यम आरपीएमवर एकदम टॉर्क देणारे टर्बो इंजिन तेवढ्याच हॉर्सपॉवरच्या, वरच्या आरपीएमवर खुलणाऱ्या इंजिनापेक्षा क्लचला कितीतरी जास्त ताण देते. डायनोवर (जोर मोजणाऱ्या यंत्रावर) चाकांपाशी मोजलेल्या आकड्यातून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली घट वजा झालेली असते. क्लच या दोन्हींच्या आधी बसतो, म्हणून ती घट पुन्हा मिळवून धरावी लागते. त्यावर वीस ते तीस टक्के राखीव क्षमता रस्त्यासाठी पुरेशी असते. मूळ क्लचमध्येही अशी राखीव क्षमता ठेवलेली असते. त्यामुळे हलक्या ट्यूनिंगनंतर तो बदलण्याची गरज अनेकदा पडतच नाही. गरजेच्या दुप्पट क्षमतेचा क्लच घेणे ही खबरदारी नाही. अचानक बसलेला धक्का जो क्लच थोडा सरकून पचवतो, तो मग सरळ गिअरचे दाते, शाफ्ट आणि एक्सलकडे जातो.

दाब वाढवण्याचा मार्ग सर्वांत जुना आणि आजही सर्वाधिक वापरातला आहे. यात मूळ जातीचेच लायनिंग ठेवता येते, त्यामुळे जुळण्याचा गुळगुळीतपणा टिकतो. किंमत पायाला मोजावी लागते. प्रेशर प्लेटमधल्या बशीसारख्या डायाफ्राम स्प्रिंगचा एक गुण इथे कामी येतो : ठरावीक बिंदूनंतर पेडल जसजसे खाली जाते तसतसा तिचा विरोध कमी होतो. जुन्या कॉइल स्प्रिंगच्या प्रेशर प्लेटमध्ये तो वाढत जातो. तरीही जड प्रेशर प्लेटचा भार रिलीज बेअरिंग, फोर्क, केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर या पेडलपासून क्लचपर्यंतच्या सगळ्या भागांवर येतो. पेडल दाबलेले असताना हाच भार क्रँकशाफ्टला लांबीच्या दिशेने ढकलतो आणि तो थ्रस्ट बेअरिंगला सोसावा लागतो. सिग्नलला पेडल दाबून थांबण्याची सवय असलेल्या चालकाने जड प्रेशर प्लेट घेताना या बेअरिंगचा विचार आधी करावा, कारण ते बदलायचे म्हणजे इंजिन खोलायचे.

लायनिंगचे तीन मुख्य प्रकार आहेत. सेंद्रिय लायनिंग तंतू आणि रेझिन यांपासून बनते, कधी त्यात तांब्या-पितळेचे धागेही असतात. त्याचा घर्षणांक साधारण ०.२५ ते ०.३५ असतो. ते मऊपणे पकडते आणि थोडे तापले तरी थंड झाल्यावर बहुधा पूर्ववत होते. दुसरा प्रकार केव्हलरचा. ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या तंतूतून आलेले हे लायनिंग फार हळू झिजते आणि हाफ क्लचवरही सौम्य राहते, पण एकदा अतितापून त्यावर काचेसारखा थर चढला की पकड सहसा परत येत नाही. नवे असताना नीट रुळायलाही ते जास्त वेळ घेते. तिसरा प्रकार सिरॅमिक-धातूचा, म्हणजे धातूची भुकटी आणि सिरॅमिक एकत्र भाजून केलेला. त्याचा घर्षणांक ०.४ किंवा त्याहून जास्त असतो आणि भयंकर तापमानातही पकड सुटत नाही.

सिरॅमिक क्लचची गाडी सुटताना थरथरते, यात दोष चालकाच्या पायाचा नसतो. ज्या पदार्थाचा घर्षणांक सरकण्याचा वेग घटताना वाढत जातो, तो जुळण्याच्या शेवटच्या क्षणी पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. हीच थरथर पुढे सगळ्या ड्राइव्हलाइनमध्ये, म्हणजे चाकांपर्यंतच्या भागांत, पसरते. कितीही सराव केला तरी ती कमी होते, जात नाही. म्हणून रोजच्या गाडीसाठी घर्षणांक वाढवण्याचा मार्ग शेवटचा मानावा.

उष्णतेचा हिशोब निवडीत सहसा कोणी करत नाही, पण रस्त्यावरचे बरेच क्लच टॉर्कमुळे नव्हे, तर उष्णतेमुळे जातात. सपाट रस्त्यावर इंजिनाचा वेग स्थिर ठेवून गाडी उभ्यावरून सोडली, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होते. १,५०० किलोग्रॅमची गाडी २,००० आरपीएमवर सोडली आणि क्लच ताशी १५ किलोमीटरला जुळला, तर ही उष्णता सुमारे १३ किलोज्यूल. तीच गाडी ४,००० आरपीएमवर सोडली तर क्लच ताशी ३० किलोमीटरला जुळतो आणि उष्णता चौपट, म्हणजे ५२ किलोज्यूल होते. चढावर ती आणखी वाढते. गर्दीत दर मिनिटाला असे सुटणे होत असेल, तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचे वस्तुमान ही उष्णता तात्पुरती साठवते. फार हलके फ्लायव्हील इथेच कमी पडते.

फ्लायव्हील हलके केल्याने इंजिन चटकन फिरते, पण गाडी सोडताना ते बंद पडण्याचा धोकाही वाढतो. दोन वस्तुमानांचे, म्हणजे ड्युअल-मास फ्लायव्हील काढून एकसंध फ्लायव्हील टाकले, तर त्यातल्या स्प्रिंगा करत असलेले कंपनशमन नाहीसे होते आणि न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडू लागतो. हा आवाज बिघाडाचा नसला, तरी ज्याला तो रोज ऐकायचा आहे त्याने तो खरेदीआधीच एखाद्या गाडीत ऐकून घ्यावा. ओतीव लोखंडाचे मूळ फ्लायव्हील यंत्रावर कातून हलके करणे धोक्याचे आहे. उच्च आरपीएमवर ते फुटू शकते. पोलादाचे, एसएफआय १.१ सारख्या मोटरस्पोर्टच्या सुरक्षा मानकानुसार तपासलेले फ्लायव्हील घ्यावे.

क्लच प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा असलेला हब आणि दोन लायनिंगच्या मध्ये लवचीक लहरदार पत्रा असावा. हब इंजिनाचे टॉर्कमधले चढउतार शोषतो, तर पत्रा पकड हळूहळू वाढवतो. या दोन्ही गोष्टी नसलेली ताठ प्लेट शर्यतीसाठी ठीक, रस्त्यासाठी नाही.

टॉर्क फारच वाढला असेल, तर सेंद्रिय लायनिंगचा दोन प्लेटांचा क्लच हा सर्वांत समंजस पर्याय ठरतो. पृष्ठे चार झाल्यामुळे पेडल जड न करता आणि लायनिंग कठोर न करता क्षमता मिळते. तो महाग असतो, त्याला सुटण्यासाठी जास्त हालचाल लागते आणि पेडल दाबल्यावर मधली प्लेट खुळखुळते.

विक्रेते वापरतात ती ‘स्टेज १’, ‘स्टेज २’, ‘स्टेज ३’ ही नावे कोणत्याही मानकावर आधारलेली नाहीत. एका कंपनीचा दुसरा स्टेज दुसरीच्या पहिल्याइतका असू शकतो. त्याऐवजी लायनिंगचा पदार्थ, प्रेशर प्लेटचा दाब, हबचा प्रकार आणि न्यूटन-मीटरमधली क्षमता विचारावी.

बसवताना क्रँकशाफ्टचा मागचा ऑइल सील गळत नाही ना, हे पाहावे. लायनिंगवर तेल लागले की कोणताही क्लच स्लिप होतो. फ्लायव्हीलचे पृष्ठ समतल करून घ्यावे आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, टप्प्याटप्प्याने आवळावेत. त्यानंतर नवे लायनिंग रुळावे म्हणून साधारण ८०० किलोमीटर वारंवार थांबत-सुटत, पूर्ण जोर न लावता गाडी चालवतात. महामार्गावरचे किलोमीटर यात फारसे कामाचे नाहीत, कारण तिथे क्लच सरकतच नाही. पेडलची हालचालही पुन्हा जुळवावी. ती कमी पडली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना कुरकुर होते. जास्त झाली तर डायाफ्राम स्प्रिंगची बोटे (पेडलने दाबली जाणारी आतली टोके) मर्यादेपलीकडे वाकतात, म्हणून अनेक परफॉर्मन्स क्लचसोबत पेडलखाली बसवायचा स्टॉपर सांगितलेला असतो.