पॉट्समुळे प्रतिकारशक्ती खरंच कमी होते का?

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते परत वर पाठवण्याचं काम आपल्या नकळत होतं. काही सेकंदांत खालच्या रक्तवाहिन्या आवळतात, नाडी जराशी वाढते आणि मेंदूचा रक्तपुरवठा चालू राहतो. हे घडवून आणते स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या नसांचं जाळं. रक्तदाब, घाम, पचन, मूत्राशय, डोळ्यांच्या बाहुल्या अशा कितीतरी गोष्टी तिच्याच ताब्यात असतात.

पॉश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकीकार्डिया सिंड्रोम, म्हणजेच पॉट्स, या आजारात हा तोल बिघडतो. उभं राहिल्यावर १० मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते (१२ ते १९ वयोगटात ४०), रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, थकवा आणि विचारांवर धुकं आल्यासारखं वाटणं, असा त्रास महिनोन्महिने चालतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या रोनाल्ड शॉन्डॉर्फ आणि फिलिप लो यांनी १९९३ मध्ये या आजाराचं आज वापरात असलेलं वर्णन केलं. रुग्णांमध्ये तरुण स्त्रिया बहुसंख्य आहेत, आणि त्यातल्या अनेकींना निदान होईपर्यंत वर्षानुवर्षं ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढंच ऐकावं लागतं. हे मला फार अन्यायाचं वाटतं, कारण नाडी मोजायला घड्याळ पुरतं.

निदान झाल्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: माझी इम्युनिटी कमी झाली आहे का? साधी सर्दीसुद्धा आठवडाभर अंथरुणावर पाडते, मग शंका येणारच.

थेट उत्तर असं, की एखाद्याला केवळ पॉट्स आहे म्हणून त्याची प्रतिकारशक्ती दुबळी, असं वैद्यकशास्त्र मानत नाही. केमोथेरपी घेणाऱ्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णासारखी त्याची अवस्था नसते. पण म्हणून चेतासंस्थेचा आणि प्रतिकारयंत्रणेचा संबंधच नाही, असंही नाही. संबंध आहे आणि तो चांगलाच घट्ट आहे.

प्रतिकारयंत्रणा रक्तात आपली आपण फिरते, तिला मेंदूशी काही देणंघेणं नसतं, असं पूर्वी मानलं जायचं. १९८१ मध्ये डेव्हिड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या थायमस आणि प्लीहा या अवयवांत अनुकंपी (सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारे) चेतातंतू पोचलेले दाखवले, तेही थेट पांढऱ्या पेशींच्या वस्तीत. हे तंतू नॉरअॅड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन सोडतात, आणि ते ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर असतात. नॉरअॅड्रेनलिनची अल्पकाळची लाट आली की नैसर्गिक मारक पेशी (त्याही पांढऱ्या पेशीच) काही मिनिटांत रक्तात उतरतात. धावताना, घाबरल्यावर हेच होतं. हीच लाट दिवसेंदिवस ओसरली नाही, तर त्याच पेशींची मारकक्षमता घटू शकते. पॉट्सच्या काही रुग्णांमध्ये उभं असताना रक्तातलं नॉरअॅड्रेनलिन मिलीलीटरला ६०० पिकोग्रॅमच्या वर जातं. त्यांच्या प्रतिकारपेशींवर याचा परिणाम होत असावा, हा तर्क रास्त आहे. पण तर्क रास्त असणं वेगळं आणि त्यामुळे त्यांना जास्त जंतुसंसर्ग होतात हे सिद्ध होणं वेगळं.

दुसरी वाट व्हेगस चेतेची. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी ही चेता हृदयाची गती आवरते, पचन चालवते. केविन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली दाखवलं, की जिवाणूंचं विष टोचलेल्या उंदरांमध्ये ही चेता विजेने उद्दीपित केली तर दाह वाढवणारं टीएनएफ हे रसायन कमी तयार होतं. म्हणजे दाहाला लगाम घालणारी एक चेतावाट शरीरात आहे. या कल्पनेतून पुढे एक छोटं रोपणयंत्र तयार झालं आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने संधिवाताच्या, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, उपचारासाठी त्याला मंजुरी दिली. ‘व्हेगस जागी करा’ म्हणून समाजमाध्यमांवर विकल्या जाणाऱ्या उपकरणांना मात्र या मंजुरीचा आधार मिळत नाही.

चेतासंस्थेला मोठा धक्का बसतो तेव्हा हे नातं सर्वांत स्पष्ट दिसतं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांमध्ये मेंदूचा झटका घडवून आणला. काही तासांत त्यांच्या लिम्फोसाइट पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या आणि तीन दिवसांत न्यूमोनिया झाला. ज्यांना प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन अनुकंपी संदेश अडवले, त्यांच्यातले मृत्यू खूपच घटले. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या संशोधकांना मज्जारज्जूच्या दुखापतीत असंच काहीसं आढळलं. इजा छातीच्या वरच्या मणक्यांपाशी असेल तर उंदरांना पुरेशा अँटिबॉडी बनवता येईनात. तीच इजा खाली असेल तर येत होत्या. कारण वरच्या इजेत प्लीहेकडे जाणाऱ्या चेतांवरचं मेंदूचं नियंत्रण तुटतं. पॉट्समध्ये असं काही तुटत नाही, म्हणून हे निष्कर्ष उचलून पॉट्सला लावणं चूक ठरेल.

उलट्या दिशेचं नातंही आहे. कधी कधी प्रतिकारयंत्रणाच स्वायत्त चेतांवर उलटते. मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं, की काही रुग्णांच्या अँटिबॉडी स्वायत्त चेतागंडांमधल्या (चेतापेशींच्या गाठींमधल्या) असेटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहकांवर हल्ला करतात आणि उभं राहणं, घाम, पचन सगळंच कोलमडतं. पॉट्सही असाच असेल का? अनेकांचा त्रास विषाणूसंसर्गानंतर सुरू होतो, कोविडनंतर तर असे रुग्ण जगभर दिसले. २०१५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात पॉट्सच्या १०० पैकी २० रुग्णांना थायरॉइडसारखा एखादा स्वयंप्रतिकार (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार होता. पुढे २०१९ मध्ये बहुतेक रुग्णांच्या रक्तात अॅड्रेनलिनच्या ग्राहकांविरुद्ध अँटिबॉडी सापडल्याची बातमी आली. रुग्णांना वाटलं, कारण सापडलं! पण २०२२ मध्ये कॅनडातल्या गटाने निरोगी माणसांचं रक्त त्याच पद्धतीने शेजारी ठेवून तपासलं, तर त्यांच्यातही तितक्याच अँटिबॉडी निघाल्या. २०२४ मध्ये ३० रुग्णांवरच्या चाचणीत शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनचा (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींचा) फायदा तुलनेसाठी दिलेल्या अल्ब्युमिन या रक्तातल्या साध्या प्रथिनापेक्षा ठळकपणे जास्त दिसला नाही. स्वयंप्रतिकाराची शंका अजून जिवंत आहे, पण आपल्याकडच्या रुग्णांनी हजारो रुपये मोजून या अँटिबॉडींच्या तपासण्या करून घेऊ नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

मग सर्दीने माणूस इतका का आडवा होतो? बरेचदा कारण प्रतिकारपेशींत नसून रक्ताच्या प्रमाणात असतं. पॉट्सच्या अनेक रुग्णांमध्ये शरीरातलं रक्त मुळातच कमी असतं. तापात घाम जातो, जेवणपाणी तुटतं, जुलाब झाले तर आणखी पाणी जातं. त्यात सलग झोपून राहिलं की काही दिवसांतच रक्तद्रव घटतो आणि पायांचे स्नायू सैलावतात. संसर्ग बरा होतो, पण उभं राहण्याची ताकद मागे पडते. त्यामुळे तापाच्या पहिल्याच दिवसापासून ओआरएस, मीठपाणी, पेज यांवर जोर द्यावा (रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून) आणि पलंगावरच पायांच्या हालचाली सुरू ठेवाव्यात. काढे, गोळ्या, ‘इम्युनिटी बूस्टर’ यांनी हे साधत नाही. ज्या आजारात प्रतिकारयंत्रणाच भरकटल्याची शंका आहे, तिथे तिला आणखी चेतवायचं कशासाठी? पॉट्सवर दिलं जाणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन हे औषध स्टेरॉइड आहे, ते प्रतिकारशक्ती दाबेल, असं घाबरून काहीजण ते परस्पर बंद करतात. पॉट्समध्ये त्याचा डोस इतका लहान असतो, की त्याचं मुख्य काम शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवणं हेच राहतं.

स्वायत्त बिघाडामुळे जंतुसंसर्ग नक्की वाढतो अशी एक जागा आहे, आणि ती आपल्या घराघरात आहे: मधुमेह. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की स्वायत्त चेता झिजतात. तळपायांना घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडून भेगाळते. घामात डर्मसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन असतं, तेही मिळेनासं होतं. संवेदना गेल्यामुळे भेग दुखत नाही, आणि जंतूंना दार उघडं मिळतं. मूत्राशयाचंही तसंच. भरल्याची जाणीव बोथट होते, लघवी पूर्ण होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. त्यामुळे वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या मधुमेही व्यक्तीने दर वेळी फक्त अँटिबायोटिकचा कोर्स करून थांबू नये. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे साध्या सोनोग्राफीत मोजता येतं, आणि ते मोजा असं आपण डॉक्टरांना सांगू शकतो.