टॉकिंग हेड्स

टॉकिंग हेड्स : (१९७५–९१). न्यूयॉर्कचा रॉक बँड. पंक या साध्या, आक्रमक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या ‘न्यू वेव्ह’ संगीतात यांच्याइतका कल्पक बँड क्वचितच झाला. गायक-गिटारवादक डेव्हिड बर्न, बेस गिटार वाजवणारी टीना वेमथ, ड्रमवादक ख्रिस फ्रांट्झ आणि कीबोर्ड व गिटार सांभाळणारा जेरी हॅरिसन असे चौघे त्यात होते. चर्चा बहुतेक वेळा बर्नच्या तऱ्हेवाईक वावराचीच होते. पण या बँडचे खरे बळ तालात होते, आणि त्या तालाचा पाया वेमथ-फ्रांट्झ या जोडीने घातला होता.

बर्न, फ्रांट्झ आणि वेमथ ऱ्होड आयलंडच्या कला महाविद्यालयात भेटले. न्यूयॉर्कला आल्यावर बेस वाजवणारे कुणी मिळेना, तेव्हा फ्रांट्झने वेमथलाच तो शिकायला लावला. जून १९७५ मध्ये तिथल्या सीबीजीबी क्लबमध्ये रमोन्स या पंक बँडच्या आधी वाजवण्याची पहिली संधी मिळाली. चामडी जाकिटांच्या त्या जगात हे तिघे साध्या कपड्यांत, नीटनेटके उभे राहत. गिटारचा गडगडाट नाही, लांबलचक सोलो नाहीत. तुटक, सुटसुटीत ठेका आणि त्यावर बर्नचा बावरलेला आवाज. १९७७ मध्ये हॅरिसन येऊन मिळाला आणि त्याच वर्षी सायर कंपनीने पहिला अल्बम काढला. ‘सायको किलर’ हे गाणे त्यातलेच.

पुढचे तीन अल्बम इंग्रज निर्माता ब्रायन ईनोबरोबर झाले. त्यांतला ‘रिमेन इन लाइट’ (१९८०) हे बँडचे शिखर. नायजेरियाच्या फेला कुटीचे संगीत तेव्हा बर्न आणि ईनो यांच्या डोक्यात घोळत होते. बहामातील नासाऊच्या स्टुडिओत जाताना गाणी तयार नव्हती. वाजवता वाजवता जमलेला छोटासा तुकडा घ्यायचा, तोच पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्यावर दुसरा, तिसरा थर चढवायचा आणि शब्द सर्वांत शेवटी, अशी रीत ठरली. ‘वन्स इन अ लाइफटाइम’मध्ये वेमथचा बेस जवळजवळ शेवटपर्यंत एकाच वाक्याला धरून राहतो आणि बर्न रेडिओवरच्या धर्मोपदेशकांच्या ढंगात बोलत सुटतो. इतके थर चौघांना मंचावर पेलणारे नव्हते. म्हणून त्या वर्षीच्या दौऱ्यासाठी ताफा नऊ जणांचा झाला. पार्लमेंट-फंकाडेलिक या अमेरिकी फंक ताफ्याचा कीबोर्डवादक बर्नी वॉरेल त्यात होता. श्रेय मात्र नीट वाटले गेले नाही. वेष्टनावर बर्न आणि ईनो यांची नावे वेगळी छापली गेली, बाकीचे तिघे बँडच्या नावाखाली गेले. हा सल पुढे कधी गेला नाही, आणि तो रास्तच होता.

वेमथ आणि फ्रांट्झ यांनी १९८१ मध्ये टॉम टॉम क्लब हा वेगळा बँड काढला. त्यांचे ‘जीनियस ऑफ लव्ह’ हिपहॉपवाल्यांनी अनेकदा उचलले. मराया कॅरीचे १९९५ चे ‘फँटसी’ त्याच्याच ठेक्यावर उभे आहे. टॉकिंग हेड्सला अमेरिकेत पहिल्या दहांत नेणारे एकमेव गाणे ‘बर्निंग डाउन द हाउस’. ते १९८३ चे.

डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवुडच्या पँटेजेस नाट्यगृहातल्या बँडच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण करून जोनाथन डेमी यांनी ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (१९८४) हा चित्रपट केला. मंच उघडाबोडका असतो. बर्न एकटा येतो, कॅसेट प्लेअर खाली ठेवतो, एक टेप ऐकवायची आहे म्हणतो आणि ‘सायको किलर’ सुरू करतो. प्रत्यक्षात तो ठेका ड्रम मशीनचा असून ध्वनिव्यवस्थेतून येतो. शेवटाकडे ठोके अचानक कोसळू लागतात आणि त्या प्रत्येक धक्क्यासरशी बर्न धडपडतो. दुसऱ्या गाण्याला वेमथ येते, तिसऱ्याला फ्रांट्झ, मग हॅरिसन. मागे कामगार चौथरे ढकलत आणतात, पडदे टाकतात. बँड कसा घडतो हे आपल्या डोळ्यांदेखत घडते. संगीताच्या चित्रपटांत इतका नेमका आरंभ दुसरा दाखवणे अवघड आहे. बर्नचा तो अवाढव्य सूट नंतर येतो आणि लोकांच्या लक्षात तेवढाच राहतो.

‘नेकेड’ (१९८८) हा शेवटचा अल्बम. १९९१ मध्ये बँड फुटल्याचे जाहीर झाले. २००२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात चौघांनी एकदा एकत्र वाजवले, तेवढेच. २०२३ मध्ये ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ नव्याने प्रदर्शित झाला, तेव्हा टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात ते शेजारी बसून बोलले.

रेडिओहेड या इंग्रज बँडने नाव घेतले ते यांच्याच एका गाण्यावरून. बेनिनची गायिका अँजेलिक किजो हिने २०१८ मध्ये ‘रिमेन इन लाइट’ संपूर्ण नव्याने गायला. त्यात फेला कुटीचा जुना ड्रमवादक टोनी ॲलन वाजवतो. बर्नने काढलेल्या लुआका बॉप या कंपनीने जगभरचे संगीत अमेरिकेत पोहोचवले. आशा भोसले यांना सलाम करणारे कॉर्नरशॉपचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ ज्या अल्बममध्ये आहे, तो १९९७ मध्ये तिथे याच कंपनीने आणला.