घर सोडण्याची पूर्वसूचना

भाड्याची जागा कोणत्या तारखेस रिकामी होणार हे भाडेकरूने घरमालकास आगाऊ लेखी कळविणे. कोकणात बोलण्यात यास 'नोटीस देणे' किंवा 'खोली सोडणार म्हणून सांगणे' म्हणतात.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १११ नुसार ठराविक मुदतीचा भाडेपट्टा मुदत सरताच संपतो, त्यास सूचना लागत नाही. करारात काही ठरले नसेल, तर कलम १०६ प्रमाणे राहत्या घराचे भाडे मासिक मानले जाते व ते पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेने संपविता येते. या पंधरा दिवसांच्या मोजणीवर पुष्कळ वाद झाले. मूळ कलमानुसार सूचनेची अखेर भाडेमहिन्याच्या अखेरीशी जुळावी लागे; म्हणून ५ तारखेस सुरू होणारा महिना पुढील ४ तारखेस संपतो हे विसरून ३१ तारीख घातली, की सूचना सदोष ठरण्याचा धोका असे. ३१ डिसेंबर २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही अट गेली व सूचना पोहोचल्या दिवसापासून मुदत मोजली जाऊ लागली. मुंबई इलाख्यास हा अधिनियम १८९३ पासून लागू झाला. सावंतवाडी व जंजिरा ही तेव्हा संस्थाने असल्याने तेथील जुना प्रघात त्यावरून ताडणे योग्य नव्हे.

अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार भाडेपट्टा की निव्वळ परवाना (जागेवर हक्क न देता राहण्यास दिलेली मुभा), याविषयी मतभेद आहेत. दस्तऐवजाच्या नावापेक्षा पक्षकारांचा हेतू पाहावा, हे सर्वोच्च न्यायालयाचे १९५९ मधील मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम २४ निवासी परवान्याच्या लेखी करारास त्यातील मजकुरापुरता निर्णायक पुरावा मानते आणि मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई देववते. मुदतीपूर्वी निघायचे असल्यास मात्र करारातील नोटिशीचे कलमच पाहावे लागते. ते बहुधा एक महिन्याचे असते.

किनारपट्टीवर अनामत रकमेचा वाद अनेकदा पावसाळ्यानंतर उद्भवतो. चिऱ्याच्या भिंतीवर चढलेली ओल आणि पागोळ्यांखालचे शेवाळ ही हवामानाची देणगी आहे, भाडेकरूची हयगय नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०८ देखील वाजवी झीज वगळूनच जागा पूर्वस्थितीत परत मागते. सूचनेच्या दुसऱ्या प्रतीवर मालकाची 'मिळाली' अशी तारखेसह सही घेणे हितावह असते.