तुपाच्या तक्त्यात बेळगावची वेगळी ओळ

डालडा हे वनस्पती तूप बाजारात आलं १९३७ साली. तुपातल्या भेसळीबाबत महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचा खरा गुंता मात्र १९५५ च्या भेसळ प्रतिबंधक नियमांतल्या तुपाच्या तक्त्यात होता.

या तक्त्यात राज्याराज्यासाठी किमान आरएम (रायशर्ट-माइसल) आकडा ठरवलेला होता, आणि तो सगळीकडे सारखा नव्हता. पाच ग्रॅम तुपातून वाफेबरोबर निघणारी, पाण्यात विरघळणारी आम्लं तो मोजतो. वनस्पती तूप मिसळलं की तो घसरतो. पण जनावराला सरकी जास्त घातली तरी घसरतो, म्हणून महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्याला किमान २१ ची सवलत होती, उरलेल्या महाराष्ट्राला २६. कर्नाटकापुढे मात्र दोन ओळी होत्या: बेळगाव जिल्हा सोडून सगळीकडे २४, बेळगाव जिल्ह्यात २६. म्हणजे २५ आकड्याचं निर्भेळ तूप धारवाडचं असलं तर पास व्हायचं, बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचं असलं तर नापास! १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेला. तुपाचा आकडा मात्र मुंबईकडचाच राहिला, असंच हा तक्ता वाचताना वाटतं. गवताचा आणि पेंडीचा विचार करून ओळ आखली असती, तर ती जिल्ह्याच्या हद्दीवर नेमकी कशी थांबली असती? शिवाय आकडा तूप जिथं तयार झालं तिथला धरायचा, आणि आठवडी बाजारातल्या सुट्या तुपावर गावाचं नाव कुठं असतं? २०११ च्या नव्या नियमांतही ही ओळ जशीच्या तशी उतरली.

गंमत म्हणजे चलाख भेसळवाल्याला २६ चा धाक फारसा नव्हता. म्हशीच्या तुपाचा आकडा बहुधा तिशीच्या आसपास असतो, त्यात थोडं वनस्पती तूप सहज खपून जायचं. ते पकडायला वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल सक्तीचं केलं. संशयित तुपात आम्ल आणि फुरफुराल हे रसायन घालून हलवलं की तिळाच्या तेलामुळे लाल रंग चढतो. अडचणीत यायचा तो सरकीवर जनावर पोसणारा प्रामाणिक माणूस.

लोण्याचं त्या मानाने सरळ आहे: टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाची स्निग्धता, पांढऱ्या लोण्यात ७६. मार्गारीनलाही ८० टक्केच लागतात, पण चरबी दुधाची नसते, आणि बेकरीतल्या पावाला लावल्यावर हा फरक जिभेला कळेलच असं नाही. मार्गारीन-वनस्पती तुपासाठी अलीकडची कडक अट ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीची: २०२१ मध्ये कमाल ३ टक्के, २०२२ पासून २.