आधी काम कळलं, जनुक नंतर: एएमपीकेची पार्श्वभूमी

पेशीला ऊर्जा कमी पडू लागली की एएमपीके नावाचं प्रोटीन कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणारं विकर (एन्झाइम), जागं होतं. चरबी आणि कोलेस्टेरॉल बनवण्याची खर्चिक कामं ते थांबवतं आणि इंधन जाळण्याचा वेग वाढवतं. हे काम आधी समजलं, ते करणारं जनुक मात्र बरंच उशिरा हाती आलं. त्यातला मोठा भाग रॅटच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या थोराड उंदराच्या, यकृतावर घडला.

1973 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना एकाच वर्षी सारखंच काहीतरी दिसलं. मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, तयार करण्याच्या कामातलं अॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेज हे विकर फॉस्फेट चिकटलं की मंदावतं, असं कार्लसन आणि किम यांना आढळलं. बेग, ऑलमन आणि गिब्सन यांच्या प्रयोगात कोलेस्टेरॉलच्या वाटेवरचं एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर एटीपी (पेशीचं ऊर्जा पुरवणारं रेणू-चलन, ज्यातून फॉस्फेट मिळतं) मिसळल्यावर निष्प्रभ झालं. ही दोन्ही कामं एकच कायनेज करतं, हे स्कॉटलंडमध्ये कार्लिंग, झामिट आणि हार्डी यांनी 1987 मध्ये दाखवलं. एटीपी खर्च होताना उरणाऱ्या एएमपी या रेणूने ते चेततं म्हणून त्याला एएमपीके हे नाव मिळालं.

एएमपीच का? एटीपी खर्च झालं की एडीपी उरतं, आणि दोन एडीपींमधून पेशी एक एटीपी परत मिळवते, तेव्हा एक एएमपी शिल्लक राहतं. एरवी एएमपी फारच थोडं असतं. त्यामुळे एटीपी जरासं घटलं तरी एएमपी कितीतरी पटींनी वाढतं. टंचाईची इतकी लवकर लागणारी चाहूल दुसरी सापडणं कठीण.

याच संवेदनशीलतेमुळे संशोधकांची मोठी अडचण झाली. रॅटचं यकृत कापून बाहेर काढलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, ऑक्सिजन संपतो, एएमपी चढतं आणि कायनेज तिथेच चेततं. मग मोजलेला आकडा जिवंत प्राण्याचा की कापाकापीचा? उपाय एकच होता. द्रव नायट्रोजनात गार केलेल्या धातूच्या चिमट्यात यकृत क्षणात दाबून गोठवायचं. 1992 मध्ये हार्डींच्या गटाने अशा नमुन्यांत रोजची लय पाहिली: रॅट रात्री खातो तेव्हा कार्बोक्सिलेजवरचं फॉस्फेट कमी आणि चरबी बनवणं जोरात, दिवसा याच्या उलट. मला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण परीक्षानळीतली गोष्ट जिवंत शरीरातही घडते याची खात्री त्याने दिली.

जनुकाचा क्रम 1994 च्या सुमारास उलगडला. रॅटमधला हा क्रम यीस्टच्या एसएनएफ-1 या जनुकाशी जुळला. ग्लुकोज संपलं की दुसऱ्या साखरेवर निभावून नेण्यासाठी यीस्टला तेच जनुक लागतं, म्हणजे ही व्यवस्था फार जुनी आहे. पुढे कळलं की एएमपीके तीन घटकांचं असतं आणि त्यांची मिळून सात जनुकं आहेत. फॉस्फेट चिकटवणारा अल्फा घटक दोन प्रकारचा. त्यातला अल्फा-2 स्नायू, हृदय आणि यकृतात ठळक आढळतो.

1996 मध्ये विंडर आणि हार्डी यांनी रॅटना ट्रेडमिलवर पळवलं. त्यांच्या स्नायूंत एएमपीके चेतलं आणि कार्बोक्सिलेज मंदावलं. कार्बोक्सिलेज मंदावलं की त्यातून बनणारं आणि मेदाम्लांची वाट अडवणारं मॅलोनिल-कोए घटतं, आणि मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भागात, शिरणाऱ्या मेदाम्लांची वाट मोकळी होते. 2001 मध्ये मधुमेहावरचं मेटफॉर्मिन रॅटच्या यकृतपेशींत हेच कायनेज चेतवतं असं दिसलं आणि या विषयाकडे औषधशास्त्राचं लक्ष वळलं.

मात्र जनुकच काढून टाकून पाहायची सोय रॅटमध्ये बराच काळ नव्हती, ती छोट्या उंदरात म्हणजे माऊसमध्ये होती. त्यामुळे शेवटची परीक्षा तिकडे झाली. 2010 मध्ये यकृतात एएमपीके नसलेल्या माऊसमध्येही मेटफॉर्मिनने रक्तातली साखर उतरवली. औषध कायनेजला चेतवतं हे खरं. पण साखर उतरण्याचं सगळं श्रेय त्या कायनेजला देता येत नाही.